हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी बाबांना आयर्न चढवलं : माझा अनुभव

बाबांचं हार्टचं पंपिंग कमी आहे, म्हणजे हार्ट फेल्युअर, अटॅक आणि स्टेंटनंतर ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ३५ च्या आसपासच राहिलं. गोळ्या सगळ्या वेळेवर, बीपी ठीक, पायाला सूज नाही, तरी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायचे आणि वर आले की बराच वेळ बोलायचेच नाहीत. नातेवाईकांचं एकच, आता वय झालं. हिमोग्लोबिन १३.४ होतं त्यामुळे रक्त कमी असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

नवीन कार्डिऑलॉजिस्टनी फाईल चाळली आणि विचारलं, फेरिटिन आणि टीसॅट कधी केलंय का? एवढी जाडजूड फाईल, पण ते कुठेच नव्हतं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज, आणि टीसॅट म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवर किती टक्के लोह बसलंय ते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं.

आता खरी गंमत रिपोर्टची. फेरिटिन ६२ आणि शेजारी लॅबची रेंज ३० ते ४००, म्हणजे ना स्टार ना ठळक अक्षर, कोणीही बघून म्हणेल सगळं छान. पण हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात आतून बारीक सूज (इन्फ्लमेशन, पायाला दिसते ती नव्हे) कायम असते आणि त्या सुजेमुळे फेरिटिन उगाच वर दिसतं, म्हणून या पेशंटसाठी हिशेब वेगळा लावतात : १०० च्या खाली असेल तर लोह कमीच धरायचं, आणि १०० ते २९९ मध्ये असेल तर टीसॅट २० टक्क्यांच्या खाली आहे का ते बघायचं. बाबांचं सिरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) ४८, टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहून नेऊ शकतं ते) ३४०, भागाकार केला तर टीसॅट १४ टक्के. डॉक्टर बाबांना म्हणाले, "काका, लोही तो बराबर छे, पण लोहतत्त्व ओछुं छे", म्हणजे रक्त ठीक आहे, पण लोह कमी आहे. लोह फक्त हिमोग्लोबिनला लागत नाही, हृदयाच्या आणि पायाच्या स्नायूंना एनर्जी बनवायलाही लागतं, म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असूनही दम लागू शकतो.

मी विचारलं, मग गोळी द्या ना. तर म्हणाले, हार्ट फेल्युअरमध्ये यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवू शकतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही, २०१७ मध्ये अमेरिकेत यावर ट्रायल झाली, सोळा आठवडे गोळ्या देऊनही व्यायामाची ताकद वाढली नाही. शिरेतून दिल्यावर मात्र दम आणि थकवा कमी झाल्याचं २००९ च्या ट्रायलमध्ये दिसलंय. आयुष्य वाढेल असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं.

पण त्याआधी लोह जातंय कुठे ते शोधायचं होतं. बाबा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, पोटात थोडं थोडं रक्त जात असेल तर वरून कितीही ओता. शौचाची तपासणी झाली, मग एंडोस्कोपी, बाबा वैतागले पण दोन्ही क्लीअर निघालं.

मधल्या काळात आमचे एक काका झिंक, सेलेनियम आणि काय काय मिनरल असलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन हजर, "हार्टला चांगलं असतं". झिंक जास्त दिवस मोठ्या डोसमध्ये घेतलं तर तांबं कमी होतं, आणि लोहाचं तर उलटंही आहे, थॅलेसेमियाच्या मुलांना सारखं रक्त द्यावं लागतं त्यात लोह हृदयात साठतं आणि त्यानेच हार्ट खराब होतं. तपासल्याशिवाय काहीच घ्यायचं नाही एवढं काकांना सांगितलं, बाटली त्यांच्याबरोबरच परत गेली (थोडे रुसले).

शिरेतून द्यायच्या लोहाच्या औषधाचं नाव फेरिक कार्बोक्सीमाल्टोज. बाबांचं वजन ६१, डोस १००० मिलिग्रॅम. डे केअरमध्ये सलाईनच्या बाटलीत मिसळल्यावर पाणी एकदम काळ्या चहासारखं झालं, बाबा म्हणाले हे माझ्या अंगात? चढायला पंधरा-वीस मिनिटं, नंतर अर्धा तास रिअॅक्शन येते का बघायला बसवून ठेवतात. नर्स सुईच्या जागेकडे सारखी बघत होती कारण औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. मेडिक्लेमवाल्यांनी ॲडमिशन नाही म्हणून क्लेम नाकारला, तो खर्च आमचाच.

दुसऱ्या दिवशी काही फरक नाही, बाबा लगेच "पैसे वाया" म्हणून मोकळे. पण महिन्याभराने जिना एका दमात चढायला लागले, आणि संध्याकाळी सूरसागर तलावाची चक्कर न थांबता होते. ईएफ आहे तेवढंच आहे.

लॅबवाला मध्येच फोन करून रिपीट पॅकेज घ्या म्हणत होता, पण इन्फ्युजननंतर पहिला महिनाभर तरी फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून आम्ही तीन महिने थांबून केलं : फेरिटिन २१०, टीसॅट २६. पुढची तपासणी दिवाळीनंतर.