दगडावरचं शेवटचं अक्षर

“अक्षरं लागली, ताई,” मिस्त्रीमामांनी खड्ड्यातून हाक मारली आणि मी हातातला चहा तसाच ठेवून धावले.

जुन्या दगडी कामांची डागडुजी हा माझा व्यवसाय. त्या आठवड्यात आम्ही भायखळ्याच्या बाजूला एका मैलाच्या दगडावर काम करत होतो. फुटपाथवर तो जेमतेम वीतभर दिसायचा. बाकीचा सगळा दोनेकशे वर्षांत चढत गेलेल्या रस्त्यानं गिळला होता. आधी माती, मग डांबर, मग फरशा, वर पेव्हर ब्लॉक. वर उरलेल्या भागावर ऑइलपेंटचे थर आणि त्याखाली तीन उभ्या रेघा, म्हणजे रोमन तीन, एवढंच काय ते ओळखू येत होतं. यंत्र लावायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पहारीनं ब्लॉक उचकटले आणि पुढची माती मामांनी दोन दिवस बसून खुरप्यानं काढली.

पाण्याची बारीक फवारणी करत मी नायलॉनचा ब्रश फिरवत होते. इंग्रजी मोठी अक्षरं. आधी ‘माइल्स फ्रॉम’ दिसलं, मग ‘सेंट थॉमसेस’. शेवटचा शब्द चुन्यानं बुजलेला होता. बांबूची काडी तासून एकेक अक्षर मोकळं करायला तास गेला. शब्द निघाला, ‘चर्च’.

माझ्या पोटात गोळा आला. दगडाशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर मीच लिहिला होता आणि तो दोन दिवसांपूर्वीच छपाईला गेला होता. ‘सेंट थॉमस कॅथेड्रलपासून तीन मैल.’ दगड पुरता वाचायच्या आधीच मी लिहून मोकळी झाले होते.

समोरच्या कुलपांच्या दुकानातले काका सकाळपासून उभे होते. त्यांनी विचारलं, “तीन मैल कुठून? चर्चगेट स्टेशनापासून का?” म्हटलं, नाही काका, पण ज्या चर्चवरून फोर्टच्या तटाच्या दरवाजाला चर्चगेट म्हणायचे ना, त्याच चर्चपासून. हॉर्निमन सर्कलजवळचं. तट पडला, दरवाजा गेला, नाव तेवढं स्टेशनाला राहिलं. “मग चर्च आणि कॅथेड्रल एकच की,” ते म्हणाले. इमारत एकच. पण माझा सगळा दिवस त्या फरकातच गेला.

ज्या देवळात बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. आणि मुंबईला कितीतरी काळ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशपच नव्हता. गव्हर्नर जेराल्ड आँजिये याच्या काळात, १६७० च्या दशकात, हे चर्च बांधायला घेतलं. भिंती पंधरा फुटांवर आल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. वखारीत व्यापार चालू होता आणि चर्चच्या उघड्या भिंती पावसाळ्यामागून पावसाळे खात होत्या. रिचर्ड कॉब नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्यानं वर्गणीसाठी लोकांच्या मागं लागून ते पुरं करवलं. १७१८ च्या नाताळच्या दिवशी दारं उघडली. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. अर्धवट टाकलेलं दगडी काम पुन्हा हाती घेणं नव्यानं बांधण्यापेक्षा अवघड असतं, हे मी रोज बघते.

तरीही चर्चचा विधिवत अभिषेक झालेला नव्हता. तो करायला बिशप लागतो आणि जवळचा बिशप इंग्लंडात. कंपनीला असे धर्माधिकारी इथं आणणं नकोच होतं. लोक बिथरतील, व्यापार बिघडेल ही धास्ती. अखेर १८१३ च्या सनदी कायद्यानं कलकत्त्याला एक बिशप आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, मंजूर केला. बिशपचा पगार वर्षाला ५,००० पौंड, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे आपल्या रयतेच्या साऱ्यातून, हे विसरता येत नाही. पहिला बिशप टॉमस मिडलटन. १८१४ साली लंडनमध्ये त्याची दीक्षा गाजावाजा न करता उरकली, त्या वेळचं प्रवचनसुद्धा छापलं नाही. हा एकटा माणूस कलकत्त्यात बसून सगळा कंपनीचा मुलूख सांभाळणार! १८२४ मध्ये तर ऑस्ट्रेलियातला न्यू साउथ वेल्सही कलकत्त्याच्या बिशपच्याच पदरात टाकला. मिडलटन १८१६ मध्ये मुंबईला आला तेव्हा कुठं सेंट थॉमसचा अभिषेक झाला, दारं उघडल्यावर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

एका बिशपला हा पसारा झेपत नाही हे १८३३ च्या सनदी कायद्यानं मान्य केलं. मद्रासला १८३५ मध्ये बिशप मिळाला, मुंबईला १८३७ मध्ये. इथला पहिला बिशप टॉमस कार, आधी इथलाच आर्चडीकन. त्याच वर्षी चर्चचं कॅथेड्रल झालं आणि पुढच्या वर्षी बुटक्या घंटाघराच्या जागी उंच मनोरा चढू लागला. हे मैलाचे दगड साधारण १८१७ ते १८३७ च्या दरम्यानचे मानतात. आमच्या दगडावरचा तो एक शब्द त्या काळाशी तंतोतंत जुळत होता. मुंबईला अजून बिशप नव्हता, तेव्हा कुणा पाथरवटानं तो कोरला. मी मात्र फलकावर कॅथेड्रल लिहून त्याचं वय पुसायला निघाले होते.

काकांना हे सांगता सांगता ऊन डोक्यावर आलं. ते आत गेले आणि दुकानातलं स्टूल आणून सावलीत ठेवलं.

दुपारी छापखान्यात फोन केला. फलक तयार होता, उद्या गाडीत चढणार होता. पुन्हा छापायचे पैसे माझ्या बिलातून कापा असं सांगितलं आणि मजकूर शब्द न् शब्द सांगून लिहून घ्यायला लावला.

संध्याकाळी मामांनी ‘चर्च’मधल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. वरची कड झिजून गेली होती. “छिन्नीनं जरा खोल करू का? वाचायला बरं पडेल.” त्यांचा हात इतका नेमका आहे की नवं-जुनं कुणाला ओळखू आलं नसतं. तरी नको म्हटलं. ते काही बोलले नाहीत. अंगठ्यानं त्या खाचेतली उरलेली माती काढली, गोणपाट ओलं करून दगडावर टाकलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर पेव्हर ब्लॉक ठेवले.