आमची वाटचाल : सोलापूर ते गोवा

आमच्या अण्णांनी १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत सहलीची पहिली बस काढली. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबोलीचा घाट उतरून गोवा. गाडी भाड्याची, पातेली घरची, आचारी गल्लीतला. सोबत कडक भाकरीचे गठ्ठे आणि शेंगाचटणी. प्रवाशांत शिक्षक होते, बँकेतले होते आणि बारा बिडीकामगार बायका होत्या. वर्षभर भिशी लावून त्यांनी पैसे उभे केले होते. कळंगुटच्या वाळूवर एक मावशी अण्णांना म्हणाल्या, "उजनीचं पाणी बघितलंय की ओ मी. पण ह्याचा पलीकडचा काठच दिसंना!" मी आठ वर्षांची होते. त्या मावशींचाच हात धरून पहिल्यांदा लाटेत उभी राहिले.

तेव्हा पणजीजवळ मांडवीवर पूल नव्हता. १९८६ साली तो कोसळला होता, नवा १९९२ मध्ये झाला. पणजी बघायला बेतीहून फेरीबोटीनं जायचं, आणि आमच्या लोकांना शहरापेक्षा त्या बोटीचंच अप्रूप.

कळंगुटमध्ये आम्ही एका बाईंच्या घरी उतरायचो. गाव त्यांना बाय म्हणायचं, आम्हीही बायच म्हणायचो. बायकामुलं तीन खोल्यांत, पुरुषमंडळी पडवीत. मागं विहीर, विहिरीमागं भातशेती, शेतापलीकडं माड. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला आणि मुंबईहून गोवा एका रात्रीवर आला. त्यानंतर दर खेपेला ते शेत थोडं थोडं कमी दिसायचं. आधी मातीचा भराव, मग गाड्या लावायची जागा, मग तीन मजली हॉटेल. २००३ ला बायच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. पुढच्या वर्षी दारात टँकर उभा. टँकर सोलापूरकराला नवा नाही, पण चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या गावात तो बघून अण्णा कितीतरी वेळ बोललेच नाहीत. दोन वर्षांनी बायनं घर विकलं आणि ती डिचोलीला लेकीकडं राहायला गेली.

हे सगळं दुसऱ्यांनी केलं, असं मी म्हणणार नाही. आम्ही किनाऱ्यालगत चुली मांडत होतो, राख वाळूत पुरत होतो, थर्माकोलच्या ताटल्या तिथंच टाकून निघत होतो. एका सकाळी रापण ओढणाऱ्या कोळ्यांनी अण्णांना हाक मारली. जाळ्यात मासळी थोडी आणि ताटल्यांचे तुकडे फार. आमच्याच होत्या की नाही, कोण सांगणार? पण अण्णांनी त्यांना हात जोडले. सोलापूरला परतल्यावर त्यांनी साठ स्टीलची ताटं घेतली. ती अजून वापरात आहेत.

किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला २०१९ मध्ये कायद्यानं बंदी आली. तेव्हा एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार दंड होता. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना तो जाच वाटला. मला तो फार आधी यायला हवा होता असं वाटतं. आता आम्ही म्हापशाजवळ स्वयंपाकघर भाड्यानं घेतो. खर्च वाढला आणि काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटतं.

गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. जून २०२५ पासून सोलापुरात आमच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरूनही गोव्याला विमान जाऊ लागलं. ज्या वाटेला अण्णांची बस अख्खी रात्र घ्यायची, ती आता तासाभराची. नवी मंडळी दोन रात्रींसाठी येतात. मंगेशी आणि जुन्या गोव्यातली चर्च बघायला त्यांच्याकडं वेळ नसतो. मी तरी तो काढायला लावते.

गर्दीला कंटाळलेली माणसं दक्षिणेकडं पाळोळे, आगोंदला चला म्हणतात. आगोंदच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं घरट्यांवर राखण करतात. तिथं मोठी बस न्यायची नाही, हे मी ठरवलंय. कळंगुटला जे आमच्या डोळ्यांदेखत झालं, ते इथं आमच्या चाकांनी व्हायला नको.

सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीत आगोंदची सहल निघेल. दोन छोट्या गाड्या, वीसच जागा. रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावायचा नाही, हे नाव लिहून घेतानाच सांगते. आणि जेवण स्टीलच्या ताटात.