ब्यूडलीचा चढ आणि बोगीचा खरा रंग: सेव्हर्न व्हॅलीतील डिझेल इंजिनांच्या भेटीचा वृत्तांत

बर्मिंगहॅमला भाच्याकडे जाण्याचे ठरले, तेव्हा विमानाच्या तारखा निवडताना मी एकच गोष्ट पाहिली होती: स्वयंसेवकांनी जपलेल्या सेव्हर्न व्हॅली रेल्वे या जुन्या मार्गाचा, जुनी डिझेल इंजिने धावण्याचा महोत्सव त्या दिवसांत येतो की नाही. हा महोत्सव बहुधा मे महिन्यात भरतो. गेली अकरा वर्षे मी पुण्यातील घराच्या माळ्यावर ब्रिटिश रेल्वेच्या १९७० च्या दशकातील एका लहान स्थानकाची प्रतिकृती उभारत आहे. तिच्यावरची इंजिने, डबे, सिग्नल आणि सांधे हे सारे छायाचित्रे पाहून केलेले आहे. ज्या इंजिनाचे छोटे रूप रोज हातात घेतो, ते मूळ इंजिन आपण एकदाही डोळ्यांनी पाहिलेले नाही, ही गोष्ट मला फार दिवस खुपत होती.

पुण्यातल्या माणसाला ब्रिटिश डिझेल इंजिनांची ओढ का, असे अनेक जण विचारतात. माझ्यापुरते उत्तर लहानपणी पुणे स्थानकात पाहिलेल्या एका पाटीत आहे. मुंबई-पुणे गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूसीएम-१ जातीच्या विजेच्या इंजिनावरची निर्मात्याची पाटी वडिलांनी मला वाचून दाखवली होती. ती इंजिने इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात १९५० च्या दशकात तयार झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनेही याच कारखान्याची होती. पुढे १९६७-६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेची क्लास ५० जातीची ५० डिझेल इंजिने तेथेच घडली आणि माझ्या माळ्यावरचे मुख्य इंजिन याच जातीचे आहे. न्यूटन-ले-विलोज या गावातला तो एक कारखाना आमच्या घाटाला आणि माझ्या छंदाला असा जोडून आहे.

ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने निवृत्त झाली. डिझेल इंजिनांवर त्यांची जागा बळकावल्याचा राग धरणारी एक पिढी तेथे होऊन गेली. त्यानंतर फलाटावर वही-पेन्सिल घेऊन उभ्या राहिलेल्या मुलांना मात्र ही निळी, पिवळ्या तोंडाची इंजिनेच आपली वाटली. आज तीच मुले साठीच्या पुढे आहेत. स्वतःचे पैसे आणि सुट्टीचे दिवस खर्च करून त्यांनी ही इंजिने भंगारातून सोडवली आहेत. एकट्या क्लास ५० ची १८ इंजिने अशा प्रकारे वाचली. या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि तेथे जाणाऱ्याने तो वागण्यातून दाखवावा असेही वाटते, कारण तुम्हाला दार उघडून देणारा, तिकीट तपासणारा आणि अनेकदा इंजिन चालवणारासुद्धा तेथे विनावेतन काम करीत असतो.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळतो. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट किंवा स्नो हिल स्थानकातून किडरमिन्स्टरला जाणारी गाडी पाऊण तासाच्या आतबाहेर पोहोचवते. तेथे उतरल्यावर सेव्हर्न व्हॅली रेल्वेचे स्थानक अगदी शेजारीच आहे. ही इमारत जुनी भासते खरी, परंतु ती १९८४ साली जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या धर्तीवर नव्याने बांधलेली आहे. येथून ब्यूडली, आर्ली, हायली आणि हॅम्प्टन लोड या स्थानकांवरून ब्रिजनॉर्थपर्यंतचा मार्ग १६ मैलांचा, म्हणजे सुमारे २६ किलोमीटरचा आहे. निघण्यापूर्वी मार्ग पूर्ण चालू असल्याची खात्री अवश्य करावी. नदीकाठचा हा मार्ग आहे, आणि २००७ च्या उन्हाळ्यातील अतिवृष्टीने तो ठिकठिकाणी खचून कित्येक महिने बंद राहिला होता. तिकीट दिवसभर कितीही फेऱ्या करू देणारे घ्यावे, कारण महोत्सवात आपण गावे पाहण्यासाठी नव्हे, तर इंजिने बदलत फिरण्यासाठी जात असतो. कोणत्या गाडीला कोणते इंजिन लागणार हे आदल्या रात्रीच कागदावर उतरवून घ्यावे. भाच्याने पहिल्या दिवशी हे काम फोनवर सोपवले होते. दरीत नेटवर्क गेल्यावर आम्हाला हायलीच्या फलाटावर एक तास चुकीच्या गाडीची वाट पाहावी लागली.

आणखी एक सूचना कपड्यांविषयी करतो. मे महिना म्हणजे उन्हाळा, अशा समजुतीने जाऊ नये. सकाळी साडेआठ वाजता फलाटावर हात खिशातून काढवत नव्हते. खाण्याचे हाल होत नाहीत, स्थानकावरच चहा-नाश्ता मिळतो. तरी भाचेसुनेने बांधून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या दुपारी फार उपयोगी पडल्या, कारण जेवणासाठी रांगेत उभे राहावे तर आवडत्या इंजिनाची गाडी निघून जाते.

डब्यात बसण्याची जागा नेहमी इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या डब्यात धरावी. इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असतानाच्या आवाजाला तेथील शौकीन ‘थ्रॅश’ म्हणतात, आणि तो ऐकण्यासाठी ब्यूडलीहून किडरमिन्स्टरकडे जाणारी फेरी मला सर्वांत उत्तम वाटली. ब्यूडली नदीच्या काठावर आहे, तेथून मार्ग सतत चढतो आणि चढाच्या माथ्याजवळ सुमारे ४४० मीटर लांबीचा बोगदा लागतो. आमच्या गाडीला क्लास ५० ची दोन इंजिने जोडलेली होती, ५००३५ ‘आर्क रॉयल’ आणि ५००४९ ‘डिफायन्स’. या जातीच्या इंजिनांना १९७८ पासून युद्धनौकांची नावे देण्यात आली. प्रत्येक इंजिनात १६ सिलिंडरचे, २,७०० अश्वशक्तीचे यंत्र असते. गाडी हलली तेव्हा आवाज आधी कानाला नव्हे, बाकाच्या लाकडातून पाठीला जाणवला. चढ सुरू झाल्यावर तो ढोलताशाच्या पथकासारखा एका लयीत छातीवर येऊ लागला, आणि बोगद्यात शिरताच भिंतींवरून उलटलेला आवाज आणि डिझेलचा गरम, किंचित गोडसर वास उघड्या खिडकीतून एकदमच आत आला. चढावर खिडकीतून शेजारच्या सफारी पार्कमधले प्राणी दिसतात. आमच्या डब्यात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते.

ध्वनिमुद्रण करायचे असल्यास मायक्रोफोनवर फोमचे आवरण हवेच, नाहीतर वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. खिडकीतून डोके किंवा हात बाहेर काढू नये; नियम म्हणून तर नाहीच, पण त्या पुलांच्या कमानी खरोखर फार जवळून जातात. प्रतिकृतीसाठी आवाज निवडणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. क्लास ५० ला ‘हूवर’ (व्हॅक्यूम क्लीनरची एक कंपनी) हे टोपणनाव पडले, ते हवा गाळणाऱ्या यंत्रणेच्या पंख्यांच्या घरघरीमुळे. १९७९ ते १९८३ या काळात डॉन्कास्टरला या इंजिनांची फेरबांधणी झाली, तेव्हा ती यंत्रणा काढून टाकण्यात आली. त्यामुळे आज ऐकू येणारा आवाज १९८० च्या दशकातला आहे. माझ्यासारखा कोणी १९७६ चे स्थानक करीत असेल, तर त्याला जुन्या ध्वनिमुद्रणांचाच आधार घ्यावा लागेल.

या प्रवासात मला सर्वांत मोलाचे जे मिळाले, ते मात्र उभ्या इंजिनाने दिले. बोगी म्हणजे येथे डबा नव्हे, तर इंजिनाखालची चाकांची चौकट. ती मी आजवर काळी रंगवत आलो, कारण छायाचित्रांत इंजिनाचा खालचा भाग सावलीत असतो आणि काळाच दिसतो. घरून निघताना मी पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर आठ रंग लावून नेले होते: काळा, तीन राखाडी आणि चार तपकिरी. ब्रिजनॉर्थच्या फलाटावर इंजिन उभे असताना तेथील स्वयंसेवकाची परवानगी घेऊन मी ती पट्टी बोगीजवळ धरली. काळा रंग कोठेच जुळेना. ब्रेक-ब्लॉक चाकांवर घासून उडणारी लोखंडाची धूळ चौकटीवर बसते आणि गंजते, त्यामुळे सगळ्या बोगीवर भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखा तपकिरी, कोरडा थर होता. जेथे तेल झिरपते तेथे तो ओला, काळपट आणि चकचकीत झालेला, आणि चाकाची रुळावर फिरणारी कड आरशासारखी पांढरी. स्वयंसेवकाने खिशातून चिंधी काढून चौकटीवर एकदा फिरवली आणि मला दाखवली; चिंधीवरचा डाग माझ्या पट्टीवरच्या सहाव्या रंगाशी तंतोतंत जुळला. छपरावर मात्र तपकिरी छटा नव्हती. धूर बाहेर पडतो त्या जागेभोवती मऊ काजळी पसरलेली होती, आणि पावसाने तिचे ओघळ निळ्या रंगावर खाली आणले होते. प्रतिकृती वापरातली दिसावी म्हणून तिच्यावर मळ चढवणाऱ्या प्रत्येकाने अशी पट्टी बरोबर न्यावी. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग बदलतो, पट्टी इंजिनासारख्याच उजेडात असते.

पुढच्या आठवड्यात यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक दिवस गेलो. प्रवेश विनामूल्य आहे आणि ते स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. तेथे डेल्टिक जातीचे इंजिन जवळून पाहता आले. १९६१-६२ मध्ये अशी २२ इंजिने बांधली गेली. प्रत्येकात त्रिकोणी रचनेची १८ सिलिंडरची दोन यंत्रे, मिळून ३,३०० अश्वशक्ती. लंडन-एडिंबरो मार्गावर ती ताशी १०० मैल वेगाने धावत आणि २ जानेवारी १९८२ रोजी त्यांची निरोपाची गाडी धावली. इंजिन देखणे आहे, पण संग्रहालयात ते धुऊनपुसून ठेवलेले असते. मळ पाहायचा असेल तर चालत्या रेल्वेवरच जावे.

खरेदीविषयी सावधगिरीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. एका गावच्या सभागृहात भरलेल्या प्रतिकृतींच्या बाजारात मी जुने, वापरलेले इंजिन घेतले. खोके कोरे, रंग उत्तम आणि किंमत माफक होती. घरी आल्यावर ते वळणावर अडू लागले. कवच उघडले तर आतली ओतीव धातूची चौकट फुगून तिला केसासारख्या चिरा गेलेल्या होत्या. जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धी राहिली की काही वर्षांनी तो असा आतून कुजतो आणि त्यावर उपाय नाही. म्हणून वापरलेले इंजिन घेताना ते विक्रेत्याकडील रुळावर दोन्ही दिशांना चालवून पाहावे, समपातळीवर ठेवून मधून वाकलेले नाही ना हे तपासावे, आणि कवचाच्या टोकाशी फट दिसली तर कितीही मोह झाला तरी परत ठेवावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मापांचा उलगडा करतो. ब्रिटिश प्रतिकृती मुख्यतः ‘डबल ओ’ मापाच्या, म्हणजे १ः७६.२ प्रमाणाच्या असतात. क्लास ५० त्या मापात २७४ मिलिमीटर लांब भरते. बाकी जगात रुळलेले ‘एचओ’ माप १ः८७ आहे. ब्रिटिश गाड्या मुळात अरुंद, त्यामुळे प्रतिकृती चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटरी ‘एचओ’च्या कवचात मावेनात, म्हणून कवच मोठे केले आणि दोन रुळांमधले अंतर तेच, १६.५ मिलिमीटर ठेवले. खऱ्या प्रमाणाने ते अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. समोरून पाहिल्यास गाडी थोडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते, तरी तयार साहित्याची विपुलता पाहता नवशिक्याने हेच माप घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात २२ मिलिमीटर अंतराचे रूळ लागतील आणि ते हातानेच करावे लागतील. छोट्या गाड्या प्रत्यक्ष धावताना पाहायच्या असतील, तर निघण्यापूर्वी कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात एक फेरी मारावी.

परत येताना इंजिने हातातल्या सामानात, मूळ फोमच्या खोक्यातच ठेवावीत, आणि सुरक्षा तपासणीत खोके उघडून दाखवण्याची तयारी असावी. इनॅमल रंग, थिनर आणि फवाऱ्याचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानातून नेता येत नाहीत. त्यांऐवजी मळ चढवण्याच्या कोरड्या भुकट्या आणाव्यात, त्या वजनालाही हलक्या असतात. प्रतिकृतीला वीज देणाऱ्या तेथील नियंत्रकाला (कंट्रोलरला) तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, तेव्हा अडॅप्टर लागतो. आपल्या पावसाळ्यासाठी पायाच्या फळीला एमडीएफ न वापरता मरीन प्लाय घ्यावा, कारण एमडीएफ दमट हवेत कडांनी फुगते आणि रूळ वर-खाली होतात. जून ते सप्टेंबर मी इंजिने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो आणि रूळ दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो.

घरी आल्यावर दोन कामे केली. ब्यूडलीच्या चढावरचे ध्वनिमुद्रण लावून त्याच्या शेजारी प्रतिकृतीचा आवाज ऐकला. डिकोडरमध्ये, म्हणजे प्रतिकृतीतल्या आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत, कारखान्यातून आलेला आवाज लहान खोलीला फारच मोठा होता, म्हणून आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सीव्ही ६३ या नोंदीचे मूल्य १८० वरून ७० वर आणले. त्यानंतर बोगी उतरवल्या, काळ्या रंगावर सहाव्या क्रमांकाच्या तपकिरी भुकटीचा थर दिला, आणि शून्य नंबरच्या ब्रशने आसपेट्यांखाली (चाकांच्या आसाची टोके बसतात त्या पेट्यांखाली) चकचकीत काळ्याचा एकेक ठिपका ठेवला. बारापैकी आठ आसपेट्या झाल्या आहेत; उरलेल्या चार, पाऊस सुरू होण्यापूर्वी, या रविवारी करीन.