जुने नकाशे घेऊन सीगल सरोवरावर

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेलगत बाउंडरी वॉटर्सचं राखीव रान आहे. दहा लाख एकरांहून मोठं, हजारावर सरोवरांचं. त्यातल्या सीगल सरोवराशेजारच्या सॅगानागा सरोवरातून १८२०च्या दशकात नकाशाकार डेव्हिड थॉम्पसन सीमेची मोजणी करत गेला होता. आम्ही सीगलहून अल्पाइन, जॅस्पर ही सरोवरं करत ओगिशकेमन्सी सरोवरापर्यंत कनूने (वल्हवायच्या अरुंद होडीने) गेलो, तेही अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या जुन्या १:२४,००० नकाशांवर. खात्याच्या ऐतिहासिक संग्रहातून ते फुकट उतरवता येतात.

सीगलमध्ये बेटांची इतकी गर्दी आहे की पाण्यावरून बेट कुठलं आणि किनारा कुठला, हे उमगत नाही. नकाशावरच्या निळ्या रंगाकडे पाहत बसू नका, तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचा. सीगलवरच्या पॅलिसेड्स नावाच्या कड्याशी त्या एकमेकींना चिकटतात. समोर तसाच उभा कडा दिसला की आपली जागा पक्की. हे नकाशे विमानातून घेतलेल्या जोडछायाचित्रांवरून (एकाच जागेच्या दोन ठिकाणांहून टिपलेल्या छायाचित्रांवरून) काढले गेले. दाट झाडीत जमीन दिसतच नसे, तरी या रेषा इतक्या खऱ्या उतराव्यात, याचं मला फार कौतुक वाटतं.

जंगलाचा हिरवा रंग मात्र विसरा. १९९९च्या वादळाने इथली झाडं आडवी केली, २००६ आणि २००७च्या वणव्यांनी उरलेली जाळली. आता तिथे कोवळे जॅक पाइन आहेत. त्यामुळे मुक्कामाच्या जागा आणि पोर्टेजच्या वाटा (होडी उचलून एका सरोवरातून दुसऱ्यात जायच्या) आजच्या नकाशावरूनच घ्या. पोर्टेजची लांबी रॉडमध्ये देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूएवढा. सीगल ते अल्पाइन साधारण १०५ रॉड.

निघण्यापूर्वी समासातला मजकूर वाचा. डेटम (ज्या मोजणीच्या पायावर नकाशातली ठिकाणं बसवलेली असतात तो) १९२७चा असेल तर जीपीएसही त्यावरच लावा, नाहीतर यूटीएमच्या (मीटरमध्ये ठिकाण सांगणाऱ्या) जाळीवर ठिकाण उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटर सरकतं. पोर्टेज शोधताना तेवढ्यात खाडीच बदलते. होकायंत्रासाठी छापलेला चुंबकीय फरकही (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला) जुना असतो, आजचा घ्या. पाण्याची खोली या नकाशांत शोधू नका.

मे ते सप्टेंबर मुक्कामी जाणाऱ्यांना ठरावीक प्रवेशस्थानाचा परवाना आगाऊ काढावा लागतो. सीगलचा क्रमांक ५४. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. पत्र्याच्या डब्यांतलं किंवा काचेच्या बाटल्यांतलं खाणं चालत नाही.

प्रती छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा: एक इंच म्हणजे २,००० फूट आलेच पाहिजेत.