हत्तींचा शेवट

रत्नागिरीतील खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत आज माझ्यासमोर चिपळूणचा एक शाळकरी मुलगा होता. सिसिलियन बचाव या डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली दोघांनीही भराभर उरकल्या; खरा डाव रंगला तो दोघांचा एकेक हत्ती आणि माझे एकुलते प्यादे उरल्यावर. १८व्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांच्या नावाने ओळखला जाणारा बचाव त्याने निवडला : राजा प्याद्याच्या वाटेत ठेवून हत्तीने आपली तिसरी ओळ रोखायची आणि प्यादे त्या ओळीवर आले, की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. मी प्यादे सरकवताच त्याने, घामेजलेला हात विजारीला पुसून, नेमके तेच केले. माझ्या राजाला आडोसाच उरला नाही. (एवढ्या उकाड्यात इतके शांत राहणे मला त्या वयात जमले नसते.) बरोबरीच्या सह्या झाल्या आणि गडी वडापावच्या गाडीकडे पळाला.