एका तांब्याच्या पट्टीचा कोड आणि २३ दिवस

मटेरियल प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कारखान्याला कोणता माल कधी लागेल हे ठरवण्याच्या कामात, ३६ वर्षं काढून मी २०२४ मध्ये निवृत्त झालो. डिप्लोमा झाल्यावर १९८८ ला नाशिकच्या सातपूरला लागलो, पुढे अंबडला आलो तो शेवटपर्यंत. कार्डेक्सवर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डांवर, पेन्सिलीने शिल्लक लिहिण्यापासून एमआरपी रनपर्यंत, म्हणजे कोणता माल किती मागवायचा ते सिस्टीमने काढण्यापर्यंत, सगळं केलं. जकात नाक्यावर अडकलेले टेम्पो, केंद्रीय विक्रीकराच्या सी फॉर्मसाठी पुरवठादारांचे फोन, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बदललेले कागद, यातलं काहीच आता टोचत नाही. टोचतो तो एकच फॉर्म, नवीन आयटम कोड, म्हणजे मालाचा सिस्टीममधला नंबर, मागण्याचा. एका मार्चमध्ये त्याने माझे २३ दिवस खाल्ले. आज प्लॅनिंगच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलामुलींवर तशी वेळ येऊ नये, म्हणून लिहितोय.

आम्ही इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायचो. त्यात बसबारला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड दांड्यांना, ५० बाय १० मिलिमीटरची तांब्याची पट्टी लागते. ही पट्टी विकत घेतात किलोवर, पण ड्रॉइंगमध्ये आणि बीओएममध्ये, म्हणजे एका पॅनेलला लागणाऱ्या मालाच्या यादीत, ती असते मीटरमध्ये. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९ ग्रॅम धरली तर या मापाची एक मीटर पट्टी ४.४५ किलो भरते. कंपनीत ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशोब सगळं एकत्र चालवणारी संगणक सिस्टीम, आली तेव्हा हजारो कोड घाईघाईत चढवले गेले आणि या पट्टीच्या कोडवर कुणीतरी १ किलो म्हणजे १ मीटर असं टाकून ठेवलं. हे माप आधी फारसं लागायचं नाही, त्यामुळे चूक तशीच पडून राहिली.

मग १४ पॅनेलची ऑर्डर आली. पॅनेलला १८ मीटर, एकूण २५२ मीटर. स्टोअरमध्ये चार मीटरच्या ५० पट्ट्या आल्या होत्या, वजन ८९० किलो. म्हणजे माल होता २०० मीटर, पण सिस्टीम दाखवत होती ८९० मीटर. एमआरपीने एका मीटरचीही मागणी काढली नाही. बाराव्या पॅनेलला लाइन थांबली. असेंब्लीतून फोन आला तेव्हा मी ठामपणे सांगितलं, "माल आहे, नीट बघा." थोड्या वेळाने स्टोअरच्या अण्णांचा फोन आला, "साहेब, तुम्हीच या एकदा." गेलो. स्क्रीनवर ६९२ मीटर शिल्लक आणि रॅकवर दोन मीटरचा एकच तुकडा. तेव्हापासून रॅक बघितल्याशिवाय "माल आहे" असं मी कुणालाही सांगितलं नाही.

तातडीची सोय लगेच झाली. मुंबईहून गुलालवाडीतून १४ पट्ट्या उचलल्या, रात्रीच्या टेम्पोने कसारा घाट चढून सकाळी गेटवर आल्या आणि राहिलेली तीन पॅनेल मार्गी लागली. पण मागे २० पॅनेलची ऑर्डर उभी होती, ३६० मीटरची, आणि आमच्या नेहमीच्या पुरवठादाराला तीन आठवडे लागायचे. चुकीच्या कोडवर पुन्हा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढणं मला मान्य नव्हतं. त्या कोडचं माप दुरुस्त करावं तर शिल्लक असेपर्यंत सिस्टीम करू देत नव्हती. म्हणून नवा कोड मागितला.

फॉर्म दोन पानी. डिझाइन, स्टोअर, खरेदी, अकाउंट्स आणि प्लांट हेड अशा पाच सह्या, त्यानंतर तो हेड ऑफिसच्या कोड देणाऱ्या विभागाकडे जायचा. सह्यांना सहा दिवस गेले, कारण डिझाइनचे साहेब रजेवर आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाची सही चालत नव्हती. सातव्या दिवशी फॉर्म पाठवला. मी रोज सकाळी मेल उघडून बघत होतो. अकराव्या दिवशी तो परत आला, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ते कितव्या सुधारणेचं आहे तो आकडा, नाही म्हणून. त्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता! तो वर्णनाच्या ओळीतच लिहायचा असतो, हे कुठेही छापलेलं नव्हतं. लिहून पुन्हा पाठवला. चौदाव्या दिवशी पुन्हा परत. शेरा असा: "या वर्णनाचा कोड अस्तित्वात आहे, तोच वापरावा." तो म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तोच कोड.

फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, जुना ब्लॉक करून द्या, मग नवा देतो." ब्लॉक करायला शिल्लक शून्य हवी. शून्य करायची तर ६९२ मीटर तांबं खर्ची टाकायला हवं. अकाउंट्सने सरळ नकार दिला. मार्च एंडला एवढं तांबं राइट ऑफ केलं तर चोरीची चौकशी लागेल, असं त्यांचं म्हणणं. इकडून तिकडे चार दिवस मी नुसता फिरत होतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि पुरवठादाराचे तीन आठवडे सुरूच होत नव्हते. तो संताप अजून गेलेला नाही.

शेवटी एका रात्री घरी कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. ११ पॅनेलमध्ये तांबं गेलं १९८ मीटर, म्हणजे ८८१ किलो. पुस्तकात खर्च पडला फक्त १९८ किलोचा. फरक ६८३ किलो. रॅकवरचा दोन मीटरचा तुकडा भरतो जवळपास ९ किलो. ६८३ आणि ९ मिळून ६९२. म्हणजे तांबं कुठेही गेलेलं नव्हतं, ते पॅनेलमध्येच होतं आणि आमची पॅनेल पुस्तकात स्वस्त दिसत होती. कॉस्टिंग चुकतंय म्हटल्यावर अकाउंट्सच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि दहा मिनिटांत सही केली. जो आकडा अडवून धरत होता त्याचा हिशोब पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता. तुम्ही तो मांडा.

तेविसाव्या दिवशी कोड आला.

खरेदीचं माप आणि खर्चाचं माप वेगळं आहे अशा सगळ्या कोडची यादी आजच काढा. पत्रा किलोवर येतो आणि नगावर जातो, नटबोल्टचंही तेच, इन्सुलेशनची स्लीव्ह रोलमध्ये येते आणि मीटरवर कापली जाते. आम्ही नंतर यादी काढली तेव्हा आणखी १७ कोड चुकीचे निघाले. फॉर्मची प्रत आणि प्रत्येक सहीची तारीख स्वतःकडे ठेवा. मेल पाठवून वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. मी चार दिवस वाट बघितली, ते फुकट गेले.

नाशिकच्या प्लॅनरसाठी आणखी एक, आत्ताच आठवलं. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला शाही स्नानं होती. त्या दिवसांत गाड्यांचा भरवसा नाही असं धरून आम्ही जुलैतच तीन आठवड्यांचा माल भरून ठेवला आणि लाइन एकदाही थांबली नाही. २०२७ ला तेच करा.

आणि नवा कोड मिळाला की पहिल्या जीआरएनला, म्हणजे आलेल्या मालाची नोंद होताना, स्वतः काट्यापाशी उभे राहा. मी राहिलो होतो. अण्णांनी पहिली पट्टी काट्यावर ठेवली, काटा १७.८ किलोवर थांबला. आत जाऊन नोंद केली आणि स्क्रीनवर ४ मीटर आलं.