खालच्या फळीवरची लाल

भाची स्पेनहून आली ती भर दुपारी. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत तिने बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली लाल वाइनची बाटली काढली आणि मला देण्याआधी तिच्यावरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडायला लागली. अर्धी निघाली. उरलेल्या अर्ध्यात ३.९५ ठळक दिसत होतं.

"मावशी, किंमत बघू नकोस हं."

बघितलीच. चार युरो, म्हणजे आपले चारशेच्या आसपास. पोरगी सारागोसाला शिकते, तिच्याकडून महागडी बाटली कोण मागतंय? उलट मला मनातून बरंच वाटलं. महागाची वाइन कुणी दिली की ती कपाटात जाते, 'काही निमित्त निघालं की उघडू' म्हणून. आणि निमित्त निघतं तेव्हा घरातलं कुणीतरी अँटिबायोटिकवर असतं. स्वस्तातली त्याच संध्याकाळी उघडते.

माझी व्याख्या साधी आहे. शेजारीण अचानक आली आणि तिला ओतताना हात आखडला, की बाटली महाग. न आखडता ग्लास भरता आला, तर स्वस्त. आता ही व्याख्या नाशकात राहून पाळणं सोपं असायला हवं. गंगापूर रोडने धरणाकडे निघालं की वायनऱ्यांच्या पाट्या सुरू होतात, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरतो. आम्ही गाववाले मात्र पाहुणे आले तरच तिकडे फिरकतो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

आणि वाइन शॉपात जावं, तर तिथे वाइन सोडून बाकी सगळं पुढे मांडलेलं असतं. वाइन कोपऱ्यात. त्यातही नाशिकच्या बाटल्या खालच्या फळीवर, परदेशी वरच्या, ट्यूबलाइटखाली उभ्या, खांद्यावर धूळ. मी वाकून खालचीच फळी बघते. वरच्या फळीवर ज्या बसल्यात त्यातल्या बऱ्याचशा आपापल्या गावी खालच्याच फळीवरच्या असतात, हे ठाऊक असल्यावर मान वर करायची कशाला? आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क आहे. चारशेची बाटली बंदरावरच हजाराची होते. मग आयात करणारा, राज्याचे कर, दुकानदार, प्रत्येकाने आपापला हात फिरवला की बिचारी नाशकात पोचेपर्यंत खानदानी होऊन बसते. ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाला, डिसेंबर २०२२ मध्ये लागूही झाला. मला वाटलं, चला, आता तिकडची शिराझ द्राक्षाची लाल वाइन उतरणार. तर सवलत बाटलीमागे पाच डॉलर आणि त्यावरच्या वाइनला! पाचाच्या खालची गरीब बिचारी १५० टक्क्यांतच. सरकारलाही स्वस्त लाल वाइनचा काही राग असावा.

म्हणून आमच्या घरी जगातल्या स्वस्त वाइन येतात त्या नातेवाइकांच्या बॅगांतून. माणशी दोन लिटर विनाशुल्क आणता येते, म्हणजे दोन बाटल्या आणि वर थोडी जागा. एका भाच्याने अर्जेंटिनाची माल्बेक आणली होती, मेंदोसाची. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, पण नाव काढलं अँडीज पर्वताच्या पायथ्याशी जाऊन. तिकडे पाऊस नावाला, वेलींना पाणी डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचं. कोरड्या हवेत रोग कमी, फवारण्या कमी, खर्च कमी. वांग्याच्या भरताबरोबर ती इतकी छान लागली, की भाजलेल्या वांग्याचा वास आणि त्या वाइनचा वास कुठेतरी एकमेकांच्या ओळखीचे असावेत. मिसळीबरोबर मात्र कुठलीही करकरीत लाल वाइन घेऊ नये. तर्रीचा जाळ आणि सालीचा तुरटपणा एकत्र आले की जीभ दोघांनाही शिव्या देते.

चिलीच्या कार्मेनेरची गोष्ट मी मामाला सांगितली होती. फ्रान्समधल्या बोर्डो भागाचं हे द्राक्ष एकोणिसाव्या शतकात मुळं कुरतडणाऱ्या किडीने तिथून जवळजवळ नाहीसं झालं. त्याआधीच कलमं चिलीत गेली होती, आणि तिथले लोक शंभरावर वर्षं त्यांना मर्लो नावाचं दुसरंच द्राक्ष समजत राहिले. १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने बागेत उभं राहून सांगितलं, अहो, हे मर्लो नव्हे. मर्लोच्या बरोबरीने तोडायचे म्हणून हे उशिरा पिकणारं द्राक्ष कच्चं राहायचं आणि वाइनला ढोबळी मिरचीचा वास यायचा. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शंभर वर्षं बाग केली अन् वाण कळेना? आमच्याकडं पोरगी द्यायच्या लायकीचे नाहीत ते."

मामाची बाग निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. लहानपणी आम्ही जायचो ते नाताळाच्या सुट्टीत, मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत. पहाटे एवढी थंडी, की मणी तडकू नयेत म्हणून बागेत ओळींमधून शेकोट्या पेटवलेल्या असत, धूर मांडवाखाली साचलेला. आम्ही पोरं त्या धुरात खोकत हात शेकायचो. मामा घडाघडाखाली वाकून बघायचा, तळहातावर घड तोलायचा, पण तोडायचा नाही. त्याच्या लेखी द्राक्ष म्हणजे लांबट, पातळ सालीचं, बिनबियांचं आणि वजनदार. पुढे कधीतरी दिंडोरीकडच्या एका बागेतली वाइनची द्राक्षं मी त्याला नेऊन दाखवली. वाटाण्याएवढे काळे मणी. एक तोंडात टाकून त्याने बी थुंकली. "साल जाड, आत बी. ह्यात खायचं काय?" मी म्हटलं, मामा, रंग सालीत असतो, आतला रस पांढराच. सालीसकट आंबवतात म्हणून वाइन लाल. तो म्हणाला, "मंजी फेकायचंच विकतात."

त्याच घरात आजी होती, माळकरी. वारीला जाणारी, दारूचा शब्द निघाला तरी तोंड फिरवणारी. मामाने मळ्यात मित्रांबरोबर बिअर प्यायली हे कळलं तेव्हा ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आणि ही आजी रोज दोन्ही जेवणांनंतर फळीवरून तपकिरी बाटली काढून द्राक्षासव घ्यायची. दोन चमचे द्राक्षासव, दोन चमचे पाणी. औषध म्हणून सुरू झालं आणि पुढे आजार गेला तरी औषध राहिलं. मनुका, धायटीची फुलं घालून महिनाभर आंबवलेलं ते. बाटलीवर बारीक अक्षरांत मद्यार्काचं प्रमाण असतं, पाच ते दहा टक्के. मामाच्या बिअरच्या वरताण. चमचा तोंडातून काढताना तिचे डोळे क्षणभर मिटायचे. मीही कधी कधी तिच्या चमच्याचं बूड चाटायची. गोड, तुरट, जरा जळजळीत. आजही स्वस्त लाल वाइनच्या पहिल्या घोटाला मी नकळत तीच चव शोधते. तज्ज्ञ लोक चेरी, चामडं, तंबाखू असं काय काय ओळखतात. मला वैद्याचं दुकान सापडलं की वाइन चांगली.

भाचीने आणलेली गार्नाचा द्राक्षाची निघाली, स्पेनमधल्या कालातायुद गावाकडची. तिकडे जुन्या वेली भरपूर आहेत आणि गावाचं नाव जगात कुणाला ठाऊक नाही. स्वस्तपणाला यापेक्षा चांगलं कारण नाही. ओकच्या पिंपांचा खर्च नाही, नावाचा खर्च नाही. वायनऱ्या बऱ्याचशा शेतकऱ्यांच्या सहकारी. ती मी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, त्यावर भाची हादरली. "रेड वाइन रूम टेम्परेचरला पितात, मावशी!" अगं, कुणाच्या रूमच्या? युरोपातली खोली सोळा-अठरा अंशांची. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये तूपसुद्धा उभं राहत नाही. गार केली, कटिंगच्या ग्लासात ओतली. वैद्याचं दुकान होतंच, शिवाय थोडी स्ट्रॉबेरी. शेजारणीने दोनदा घेतली.

परवा मामेभाऊ आला होता. मामानंतर बाग तोच बघतो. त्यानेही एका वर्षी हौसेने एकरभर शिराझ लावली होती. २००८ च्या मंदीनंतर माल कुणी उचलेना, पैसे अडकले. पट्ट्यातल्या अनेकांनी तेव्हा वाइनच्या बागा तोडल्या, त्यात त्याचीही गेली. त्याने टेबलावरची बाटली उचलून फिरवून बघितली.

"ह्यात शेतकऱ्याला किती मिळतात गं?"

मी लेबल वाचलं. गाव होतं, साल होतं, वाण होता, मद्यार्क साडेचौदा टक्के होता. त्याला सांगितलं की २०२३ मध्ये फ्रान्स सरकारनेच शिल्लक वाइन विकत घेऊन तिचा निव्वळ अल्कोहोल करायला वीस कोटी युरोंची सोय केली, आणि बोर्डोत वेली उपटायला हेक्टरी सहा हजार युरो देऊ केले.

"उपटायचे पैसे?" तो म्हणाला. "आम्हाला जेसीबीचं भाडंबी घरातनं द्यावं लागलं."

मग बराच वेळ आम्ही अवकाळीवर बोललो, वेलींवरच्या डावणी रोगावर बोललो. जाताना त्याने विचारलं, "उरलीय का थोडी?" नव्हती उरली.